सार्क दराने दंड

नेपाळचं नाव मी काढलं तेव्हा नीलिमा पोहे परतत होती. ती म्हणाली, "माझी बहीण बालीला जाऊन आली, आणि आपण नेपाळ? तिथे तर आपले वॉचमन राहतात."

मी तिला तीन कारणं सांगितली. व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, आणि जेवायला डाळभात मिळतो, म्हणजे माझ्या पोटाची काळजी नको. तिन्ही खरी होती. चौथं मी गिळलं. गिळण्याचा मला सराव आहे. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो आणि 'सावंत फार बोलत नाहीत' हीच माझी ख्याती होती. लोकांना तो सभ्यपणा वाटायचा.

चौथं कारण म्हणजे हर्कबहादुर गुरुङ. आमच्या इमारतीत तो चौदा वर्षं वॉचमन होता. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मी स्वतः जाऊन पाण्याची मोटर सुरू केली, आंघोळ केली, डबा घेतला आणि ऑफिसला निघून गेलो. खालच्या टाकीतलं पाणी संपलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळली. संध्याकाळी कमिटी बसली. कुणीतरी विचारलं, "मोटर कोणी चालू ठेवली?" मी म्हटलं, "बहादूर असेल." इतकंच. तीन शब्दसुद्धा नाहीत. सोसायटीचा नियम होता की सभासदाकडून नुकसान झालं तर पाचशे रुपये दंड, कर्मचाऱ्याकडून झालं तर पूर्ण भरपाई. तो मसुदा माझाच. हर्कच्या पगारातून पाच महिने पैसे कापले गेले आणि त्या वर्षी तो दसऱ्याला घरी जाऊ शकला नाही. त्यांच्याकडे दसरा म्हणजे दसैं, वर्षातला सगळ्यात मोठा सण. दोन वर्षांनी तो नोकरी सोडून गावी गेला. दर दसैंला मात्र त्याचा फोनवर शुभेच्छांचा निरोप येतो, आणि मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवतो.

यंदा पन्नाशी उलटली आणि ते हात जोडणं मला जड व्हायला लागलं. त्याच्यापुढे बसून तोंडाने सांगायचं, एवढं ठरवून मी दिवाळीनंतरची तिकिटं काढली. नीलिमाला सांगितलं, "हर्कचं गाव पोखऱ्याच्या वरच आहे, जमलं तर भेटू." ती म्हणाली, "अय्या, भेटूया की!" मी खिडकीबाहेर बघितलं.

काठमांडू

पहिल्या दिवशी मी काठमांडूत 'भाऊ, भाऊ' करत फिरलो. आपल्याकडे अनोळखी माणसाला हाक मारायची तर भाऊ म्हणतो, त्यात प्रेमही असतं आणि पुढे घासाघीस करायची असेल तर तिची तयारीही. विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याला म्हटलं, "भाऊ..." आणि पुढचं वाक्य हिंदीत जुळवेपर्यंत तो म्हणाला, "आठ सय," म्हणजे आठशे. केळीवालीला म्हटलं, "ओ भाऊ, नाही, ताई..." तिने दर सांगितला. रस्ता विचारायला एका पोलिसाला हाक मारली, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी न विचारताच उजवीकडे वळलो.

संध्याकाळी हॉटेलच्या मालकीणबाईंनी उलगडा केला. हसून हसून त्यांचा चहा सांडला. "हजुर, हमारे यहाँ भाउ मतलब दाम! आप पुलिस को बोले, दाम? आदमी को दाइ बोलिए."

म्हणजे दिवसभर मी माणसांना 'ए किंमत, अहो किंमत' अशा हाका मारत फिरलो होतो. नीलिमाने ही गोष्ट लगेच ठाकुर्लीच्या भिशी ग्रुपवर टाकली.

दुसऱ्या दिवशी जुन्या राजवाड्याच्या चौकात तिकिटाच्या खिडकीवर तीन ओळी लिहिलेल्या दिसल्या: नेपाली, सार्क, विदेशी. सार्क म्हणजे आपण, भूतान, श्रीलंका वगैरे शेजारीपाजारी. नेपाळी माणसाला नाममात्र, गोऱ्या माणसाला सणसणीत, आणि आपल्याला मधलं. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे सोडून तिसऱ्या पंगतीत बसवतात तसं वाटलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं. वेरूळला परदेशी पाहुण्याकडून आपण किती घेतो ते मला माहीत आहे, आणि कल्याण स्टेशनबाहेर बॅगा दिसल्या की रिक्षावाल्याचं गणित कसं बदलतं तेही. पण फुकटात जमेल ते करून बघायचं हा आपला धर्म. मी आदल्या दिवशीच एक रंगीत ढाका टोपी घेतली होती. ती चढवली, नीलिमाला मागे उभं केलं आणि नेपाळी रांगेत शिरलो. पाट्या वाचता येत होत्या, तेव्हा भाषाही येणारच असं मनाने धरलं होतं.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "कहाँबाट?"

कुठून, एवढं कळलं. मी रुबाबात म्हटलं, "कल्याणबाट."

"कल्याण? कुन जिल्ला?"

तोंडातून आपोआप निघालं, "ठाणे."

बाईने टोपीकडे पाहिलं, माझ्या कमरेच्या पाउचकडे पाहिलं आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "सार्क, दुइटा!" मागची सगळी रांग हसली. नीलिमा तर खांबाला टेकली. "जिल्हा ठाणे!" ती म्हणाली, "पिनकोड पण सांगायचा ना!"

भक्तपूरला मातीच्या वाडग्यात घट्ट दही खाल्लं. त्याला जुजु धौ म्हणतात, म्हणजे दह्यांचा राजा. रंगाने आपल्या खरवसासारखं, चवीला गोडसर, वर साय इतकी जाड की चमचा उभा राहावा. त्याचा दर सगळ्यांना एकच होता. समोर बसलेला जर्मन म्हातारा, आम्ही आणि शाळेतून आलेल्या तीन मुली, सगळे एकाच भावाने वाडगे चाटत होतो. मी आणखी एक घेतला. नीलिमा म्हणाली, "पोटाची काळजी होती ना तुम्हाला?"

पोखरा

पोखऱ्यापर्यंतच्या बसबद्दल लिहीत नाही. ज्यांनी पावसाळ्यात शहाडचा रस्ता केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी नाही केला त्यांना सांगून पटणार नाही.

सकाळी हॉटेलच्या गच्चीवर गेलो. तळ्याच्या पलीकडे हिरवे डोंगर, आणि त्यांच्या डोक्यावर, जिथे आपण ढग शोधतो तिथे, माशाच्या शेपटीसारखं पांढरं शिखर. मलंगगड बघत मोठा झालेला माणूस मी. डोंगर म्हणजे मान थोडी वर, एवढीच माझी कल्पना. इथे मान मागे टाकावी लागत होती. नीलिमा पंधरा मिनिटं फोटो काढत राहिली. मग म्हणाली, "बाली राहू दे."

पर्समध्ये तिचा पितळेचा अंगठ्याएवढा गणपती होता. प्रवासातही त्याला रोज ताजं फूल लागतं. आमच्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या निम्म्या बायकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि दुसऱ्यांच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद ही सार्वजनिक मालमत्ता मानली जाते. देवाला नेलं की ती चोरी होत नाही, असं ठाकुर्लीपासून टिटवाळ्यापर्यंत सर्वमान्य आहे. तळ्याकाठी एक खासगी बाग होती. तिथे लाल जास्वंद अशी फुलली होती की नीलिमाची पावलं आपोआप वळली. झाडाजवळच पाटी होती:

'फूल टिप्न मनाही। जरिवाना: नेपाली १००, सार्क ३००, विदेशी ५००।'

"अगं, पाटी बघ," मी म्हटलं.

नीलिमाने चष्मा वर करून वाचली. "टिपायला मनाई आहे. तोडायला कुठेय? आणि टिपायला मी काय चिमणी आहे?" असं म्हणून तिने देठापासून फूल खुडलंसुद्धा.

शिट्टी वाजली. बागेचा रखवालदार धावत आला. "फूल कसले टिप्यो?" म्हणजे कोणी तोडलं. हातातल्या काठीने त्याने आधी पाटी दाखवली, मग आम्हा दोघांना.

इथे जे घडलं ते नीट सांगायला हवं. मी विचार केला नाही. तीनशे रुपये म्हणजे आपले दोनशेही होत नाहीत, हिशेबाची वेळही आली नाही. माझं बोट आपोआप उठलं. वाफ्यात एक म्हातारा माळी झारी घेऊन उभा होता. त्याच्याकडे बोट करून मी म्हटलं, "उन्होंने दिया."

रखवालदार माळ्याकडे वळला आणि त्याच्यावर तोंड सोडलं. म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, तर या माणसाने असं का म्हटलं असावं, हे समजून घ्यायचा प्रयत्न केल्यासारखा.

"अहो!" नीलिमा ओरडली. "काय बोलताय? नहीं, नहीं, भैया, मैंने तोड़ा है. इनका कुछ नहीं. ये झूठ बोल रहे हैं." ती सरळ पैसे काढायला लागली.

"सार्क?" रखवालदाराने विचारलं.

"हो, सार्क, सार्क." तिने तीनशे दिले. मग माळ्यापुढे जाऊन हात जोडले. दंड भरूनही फूल जप्त झालं.

बाहेर आल्यावर तिने मला चहाच्या टपरीवर बसवलं. वाफाळते मोमो समोर आले, त्यांच्याबरोबर टोमॅटोची लालभडक चटणी. एरवी मी त्यावर एक परिच्छेद लिहिला असता. नीलिमा म्हणाली, "पंचवीस वर्षांत तुमच्या तोंडून खोटं ऐकलं नव्हतं मी. इतकं पटकन कसं आलं?"

"सवय आहे," मी म्हटलं, आणि तिला मोटरीचं सगळं सांगितलं.

तिने मध्ये अडवलं नाही. शेवटी चमच्याने चटणी ढवळत म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी तो वर आला होता. तुमचं चष्म्याचं घर घेऊन. म्हणाला, 'मॅडम, साब पंपच्या खोलीत विसरले.' मी तुम्हाला तसंच सांगितलं होतं."

"हो."

"कमिटी बसायच्या आधी."

"हो."

"म्हणजे त्याला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

अकरा वर्षं मी या वाक्याच्या आजूबाजूने चालत होतो. ती ते एका घासात बोलून गेली. मग तिने मोमोची प्लेट माझ्याकडे सरकवली. "खा. गार झाले की कणकेसारखे लागतात. आणि उद्या वर जायचं. 'जमलं तर' नाही."

हर्कचं गाव

जीप दीड तास चढत होती. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात भात कापून झालेला, दारादारावर मक्याची कणसं टांगलेली. जीपमध्ये एका आजीबाईंच्या मांडीवर कोंबडा होता. तो वळणावळणावर माझ्याकडे संशयाने बघायचा. भाडं सगळ्यांना एकच होतं, कोंबड्याला निम्मं.

हर्कचं चहाचं दुकान वळणावरच होतं. तो आता सुटला आहे, केस पिकलेत, पण दारात उभं राहायची पद्धत तीच, एक हात चौकटीला. "मॅडम! साब!" त्याने नीलिमाला वाकून नमस्कार केला आणि मला मिठी मारली. मला मिठी मारता येत नाही. मी खांबासारखा उभा राहिलो.

त्याची आई आत चुलीपाशी बसून सेलरोटी तळत होती. तांदळाच्या पिठाचं गोड कडं असतं ते, आपल्या अनारशाचं लांबचं भावंड. ऐंशीच्या पुढची बाई, पाठ ताठ. भिंतीवर खडूने दर लिहिले होते: 'चिया: नेपाली ३०, विदेशी ६०.'

नीलिमाने ते वाचून दाखवलं. हर्क हसला. "मॅडम, तुमच्या ठाकुर्लीत शिकलो. सभासदाला एक, बाकीला एक." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साब, तुम्ही मला रोज गेटवर म्हणायचे, 'काय भाऊ!' सुरुवातीला तीन महिने मला वाटलं, साब माझी किंमत विचारतात. मी मनात म्हणायचो, अजून ठरली नाही साब."

नीलिमा खो खो हसली. मीही हसलो, पण माझं हसणं मध्येच थांबलं. कप खाली ठेवून मी म्हटलं, "हर्क, ती मोटर मी चालू ठेवली होती."

"माहीत आहे, साब."

"कमिटीत नाव तुझं सांगितलं. मुद्दाम."

"ते पण माहीत आहे."

"मग तू बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? कमिटी तुम्ही. कम्प्लेंट तुमच्याकडेच द्यायची, तुमच्याच रजिस्टरमध्ये."

मी खिशातून पाकीट काढलं. पाच महिन्यांचे पैसे मोजून आणले होते. त्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते आत ठेवा, साब. पैसे गेले तसे आले. माझा मेहुणा तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे. दहा वर्षं झाली. आजही लोक त्याला म्हणतात, 'पंपाला हात लावू नको रे, तुमच्या घराण्याला मोटर जाळायची सवय आहे.' हसतात. तो पण हसतो, काय करणार? इथे मला सांगून काय होतं? मला तर माहीतच होतं. तिकडे सांगा. जिथे नाव गेलं, तिथे."

आईने चुलीपासून काहीतरी विचारलं. हर्क तिला दोनतीन वाक्यं बोलला. तिने झारा कढईत धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू काही म्हणाली. हर्कने लगेच सांगितलं नाही. नीलिमाने विचारलं, तेव्हा म्हणाला, "आई म्हणते, त्या दसैंला मी आलो नाही, पैसे पण पाठवले नाही. तिला वाटलं मी तिकडे जुगारात हरलो. आमच्यात दसैंला जुगार खेळतात ना. अकरा वर्षं तिने मला विचारलं नाही. आज कळलं म्हणते."

मला वाटलं होतं, मी एकाच ठिकाणी त्याचं नाव घालवलं आहे.

म्हातारीने सेलरोटी वाढली. आधी नीलिमाला, मग जीपच्या ड्रायव्हरला, मग कट्ट्यावर बसलेल्या दोन गाववाल्यांना, आणि शेवटी मला. पण मोठी दिली आणि गरम दिली. मी ती पूर्ण खाल्ली.

निघताना चहाचे पैसे विचारले. हर्कने बोटाने नीलिमाकडे दाखवलं, "मॅडमचे तीस." मग माझ्याकडे. "साबचे साठ." त्याचा चेहरा गंभीर होता, डोळे नव्हते. मी साठ रुपये दिले आणि टोपी काढून त्याच्या आईला नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला नाही, पण मान हलवली.

ठाकुर्ली

परत आल्यावर दोन आठवड्यांनी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. सेक्रेटरी आता प्रणाली आहे, तिसऱ्या मजल्यावरची, माझ्या मुलीच्या वयाची. अध्यक्ष पाटीलदादा. ज्या शेतावर आमची इमारत उभी आहे ते त्यांच्या वडिलांचं. गळती, पार्किंग, लिफ्ट, कबुतरं, असं सगळं झालं. शेवटी प्रणालीने वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय."

मी उभा राहिलो. पाटीलदादा म्हणाले, "सावंत बोलनार? अरे पंखा बंद करा, ऐकू दे!" लोक हसले.

मी सांगितलं. दोन मिनिटं लागली असतील. पंखा खरोखरच कुणीतरी बंद केला होता, त्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. नीलिमा दुसऱ्या रांगेत मान वर करून बसली होती. मग तळमजल्याच्या जोशीकाकू म्हणाल्या, "बाई गं, आणि आपण त्या शेजारच्या वॉचमनला..."

"पन एवढी वर्सं गप राहिलास, सावंत?" पाटीलदादांनी विचारलं. रागावले नव्हते, खरंच विचारत होते.

"हो, दादा."

खजिनदाराने घसा खाकरला. "नियमाप्रमाणे सभासदाकडून नुकसान झालं तर पाचशे रुपये..."

"तो नियमच आज काढायचा," मी म्हटलं. "आणि मला कर्मचाऱ्याचा दर लावा." त्यावर अर्धा तास चर्चा झाली, अशा चर्चा आमच्याकडे होतात. शेवटी नियम गेला. मोटरीची पूर्ण भरपाई मी भरायची ठरली. ते पैसे हर्कच्या मेहुण्यामार्फत गावी पाठवायचे आणि शेजारच्या सोसायटीला लेखी कळवायचं, असंही ठरलं.

प्रणाली इतिवृत्त लिहीत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, वाचू का? 'श्री. सावंत यांच्याकडून मोटर चुकून चालू राहिली व चुकून कर्मचारी श्री. हर्कबहादुर गुरुङ यांचे नाव घेतले गेले.' चालेल?"

तिने चांगुलपणाने लिहिलं होतं. सभागृहातल्या सगळ्या माना होकारार्थी हलल्या. विषय मिटत होता, बाहेर वेफर्स आणि चहा तयार होता. मला गप्प राहायला फक्त अर्धा सेकंद पुरला असता.

"पहिलं 'चुकून' राहू दे," मी म्हटलं. "दुसरं खोड. तिथे 'मुद्दाम' लिही."

तिने रेघ मारली आणि लिहिलं.